भिंगारच्या मामांनी घेतलेली वकिलांची परीक्षा

जगातल्या यच्चयावत माणसांची परीक्षा घ्यायचा अधिकार आपल्याला जन्मतःच मिळाला आहे, अशी माझ्या बायकोच्या भिंगारच्या मामांची ठाम समजूत आहे. स्कूटर दुरुस्तीला नेली तर बिघाड काय ते सांगत नाहीत. मेकॅनिकने स्वतः ओळखला तरच किल्ली त्याच्या हातात देतात. एकदा उजवा गुडघा दुखत असताना त्यांनी डॉक्टरांना मुद्दाम डावा दाखवला. भल्या माणसाने विश्वास ठेवून डाव्यात इंजेक्शन दिलं. डॉक्टर नापास झाले आणि मामा कितीतरी दिवस दोन्ही पायांनी लंगडत त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

अशा माणसावर अपिलासाठी वकील शोधायची वेळ आली. मामांचं घर आणि शेजारच्या निवृत्त गुरुजींचं घर यांच्या मधून एक बोळ जातो. मामी गेल्यावर मामांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी त्या बोळाला फाटक बसवून कुलूप ठोकलं. गुरुजी कोर्टात गेले आणि जिंकले. बोळ दोघांचा आहे, कुलूप काढा, असा निकाल लागला. मामांनी जुन्या वकिलाला नारळ दिला, वरच्या कोर्टात जायचं ठरवलं आणि मुदत संपत आली तरी त्यांना नवा वकील पसंत पडेना. मी पडलो जावई, त्यात माझ्याकडे मोटारसायकल, तेव्हा भिंगारहून नगरला खेपा घालणं माझ्याच नशिबी आलं.

मामांची रीत अशी, की आपणच गुरुजी आहोत असं भासवून सगळी हकिगत गुरुजींच्या बाजूने सांगायची. "जो वकील मधीच थांबवून म्हनंल, काका, तुमची बाजू लंगडी हाय, तो आपला," असं त्यांनी मला समजावलं होतं. पण प्रत्येक वकील अगत्याने सांगायचा, की निश्चिंत राहा, समोरच्याच्या अपिलात काही दम नाही. एकाने तर जिंकल्याबद्दल चहा पाजला. मामा तो पिऊन तणतणत बाहेर आले. दर खेपेला गुरुजींची बाजू मात्र भक्कम होत चालली होती. त्यांच्या बायकोला पाण्यासाठी लांबून वळसा पडतो, हे तर मामांनी इतकं कळवळून सांगितलं, की मलाही वाईट वाटलं.

शेवटच्या वकील एक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, समोरचे गृहस्थ मुळातच भांडखोर आहेत का?"

"न्हाई ओ," मामा गुरुजी होऊन म्हणाले. "मानूस वाईट न्हाई. बायको हुती तवर दोघं ह्याच बोळातून रोज सांजच्याला आमच्याकडं चहाला यायची. ती गेली, आन् आमी नवराबायको जोडीनं दिसलो की त्याला सोसंना. म्हनून कुलूप लावलं त्यानं."

बाईंनी पाण्याचा ग्लास मामांपुढे सरकवला.

"ह्यांना द्यायचं का वकीलपत्र?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"बगू," म्हणाले.

मुदत निघून गेली. नगरात एक धड वकील नाही म्हणून अपील राहिलं, असं मामा अजून सांगतात आणि मीही मान डोलावतो. मला हा माणूस फार आवडतो. मध्यंतरी संध्याकाळी गेलो, तर घराला कडी. बोळाचं फाटक उघडं होतं, म्हणून पलीकडे डोकावलो. मामा गुरुजींच्या ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले होते, मलाही त्यांनी बसवून घेतलं. मी आल्याचं आत ठाऊक नसताना गुरुजींच्या पत्नी चहा घेऊन आल्या, तर ताटलीत जुन्या सवयीने चार कप. त्यांच्या ते ध्यानात आलं आणि त्या तिथेच थबकल्या.

मामांनी चौथा कप उचलून माझ्याकडे दिला. "घ्या जावईबापू," ते म्हणाले, "मामीचा हाय."