काकूंच्या मापाच्या तीन सॅक

जुन्नरच्या बबनकाकांना मी सात वर्षं ओळखत होते, पण त्यांनी माझं तोंड कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. परक्या बाईशी बोलताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत. मी दुकानात शिरले की कॅलेंडरला विचारत, "काय म्याडम, आज कालेजला सुट्टी?" एकदा भर बाजारात समोरासमोर आलो तर ओळखलंच नाही. मग खाली माझ्या चपला दिसल्या तेव्हा म्हणाले, "आस्सं, म्याडम व्हय." आता काका नाहीत, त्यामुळे ही तक्रार करायलाही कोणी उरलेलं नाही.

त्यांचं दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, म्होरक्या, झुली, घुंगरांचे पट्टे. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीचं वेड असं, की मुलाच्या लग्नाच्या कपड्यांपेक्षा बैलाच्या पट्ट्यावर जास्त चर्चा होते. जोडीतल्या डाव्या आणि उजव्या बैलाची मापंसुद्धा काका वेगवेगळी घेत. "दोन बैल सारखे म्हननारा मानूस एक तर आंधळा आसतो, न्हाईतर दलाल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मध्ये शर्यती बंद होत्या, तेव्हा नाणेघाटाला येणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या फाटक्या सॅक शिवायला त्यांनी सुरुवात केली आणि त्यातही मास्तर झाले.

मी त्यांच्याकडे गेले ती हार खाऊन. मी अवसरीला कॉलेजात शिकवते. बँकेतली प्रतिभा, दवाखान्यातली सुमन सिस्टर आणि मी, अशा तिघींनी घाटघरपासून डोंगराच्या कडेकडेनं आहुप्यापर्यंत तीन दिवस चालायचं ठरवलं होतं आणि पहिल्याच दुपारी जीपनं परत आलो होतो. ऑनलाइन मागवलेल्या सॅक पुरुषांच्या मापाच्या निघाल्या, पट्ट्यांनी खांदे सोलले. घरच्यांनी त्यावर वर्षभर आमची हजेरी घेतली. काकांनी आमच्या सॅक उलटसुलट पाहिल्या आणि कॅलेंडरला सांगितलं, "वझं खांद्यानं वाहायचं नसतं. खांद्यानं निस्तं धरायचं, वाहायचं कमरंनं. मानंच्या हाडापासून कमरंच्या हाडापतुर पाठ मोजायची. बाईमानसाची पाठ आखूड, खांदं अरुंद. पट्टं छातीवरनं वळून गेलं पायजेत." इतकं शहाणपणाचं मला पुण्याच्या काचबंद दुकानातही कोणी सांगितलं नव्हतं.

अडचण एकच होती. पाठ मोजायची तर पाठीला हात लावायला हवा, निदान तिच्याकडे बघायला तरी हवं. काकांनी त्यावर तोडगा काढला. आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "आगं, जरा पाठ आन हिकडं."

काकू आल्या. गोल चेहरा, ठेंगण्याही नाहीत आणि उंचही नाहीत, कमरेला पदर खोचलेला. काकांनी सुतळीनं त्यांची पाठ मोजली. मी म्हटलं, "काका, सॅक माझी आहे." ते म्हणाले, "बाईमानसाची पाठ ती बाईमानसाची पाठ." दोन बैल सारखे नसतात हे आयुष्यभर सांगणारा माणूस जगातल्या समस्त बायकांना एकच पाठ देऊन मोकळा झाला. मी पाच फूट आठ इंच, सुमन चार फूट दहा, प्रतिभाच्या कमरेला जीपचा पट्टाही पुरणार नाही. पण काकांपुढं बोलायची कोणाची टाप नव्हती.

काकूंनी मात्र मला वेगळंच विचारलं. चहाचा कप हातात देत त्या हळूच म्हणाल्या, "वर गेल्यावर काय दिसतं वो?" नाणेघाट तिथून तासाभराच्या अंतरावर. चाळीस वर्षांत त्या एकदाही गेल्या नव्हत्या. लोकांच्या सॅकमधला वरचा चिखल तेवढा त्यांनी झटकला होता. मी म्हटलं, कडा आहे, खाली सगळं कोकण दिसतं. काका शिवता शिवता म्हणाले, "काय न्हाई दिसत. धुकं दिसतं." मग काकूंनी सांगितलं, की दर साली विचारते आणि दर साली 'सुगी झाल्यावर बघू' असं उत्तर मिळतं. आमच्या घरात शेतच न्हाई, त्या म्हणाल्या, तर सुगी कवा व्हायची.

काकूंच्या मापानं काकांनी आमच्या तिन्ही सॅक उसवून नव्यानं शिवल्या आणि पुढचे पंधरा दिवस त्यांची चाचणी चालली. काका एकेक सॅक घेत, तिच्यात दहा किलो पेंड भरत, काकूंच्या पाठीवर चढवत आणि 'चाल' बघत. काकू आधी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या, मग एसटी स्टँडपर्यंत, मग शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत. लोक विचारत, "काकू, कुठं निघालात?" त्या म्हणत, "पेंड फिरवून आनते." परत आल्या की काका पट्टा अर्ध्या बोटानं सरकवत. शेवटी शेवटी तर काकू शिवनेरीच्या निम्म्या पायऱ्या चढून येऊ लागल्या आणि एवढा उशीर का झाला, हे विचारायचं काकांना सुचलं नाही. ते पट्ट्याकडे बघण्यात गुंग होते.

त्याच वाटेनं पुन्हा निघायच्या दिवशी सकाळी जीप दुकानासमोर उभी करून आम्ही सॅक घ्यायला गेलो. काका कॅलेंडरकडे वळले. "घाला. कमरंचा कडी-पट्टा टक वाजला की बसली म्हनायची."

माझा पट्टा बरगड्यांवर आला. सुमनची सॅक चालताना पोटऱ्यांवर आपटू लागली. प्रतिभाच्या पट्ट्याची दोन टोकं एकमेकांना लांबून बघत राहिली. टक काही वाजेना. काकांनी काकूंना बोलावलं. काकूंनी पहिली घातली, टक. दुसरी, टक. तिसरी, टक. काकांनी बराच विचार केला आणि निकाल दिला, "सॅक बरुबर हायेत. मानसं चुकली."

तिसरी सॅक, म्हणजे माझी, काकूंच्या पाठीवरच होती. त्या म्हणाल्या, "मंग मी जाते."

काकांना आधी ही चेष्टाच वाटली. मग ते म्हणाले, दुकान कोण बघणार, भाकरी कोण करणार, वर काय असतं, धुकं असतं. काकू शांतपणे ऐकत होत्या, पट्टा काही सोडत नव्हत्या. "तुमीच म्हनता न्हवं," त्या म्हणाल्या, "ज्याच्या मापाचा साज, त्याच्याच अंगावर घालावा. दुसऱ्याच्या घातला की जनावर नासतं. आता ही माज्या मापाची हाय."

स्वतःच्या नियमापुढं काकांचं काही चालेना. मला त्यांची कीव आली आणि भीती अशी, की ते आता सॅकच फाडतील. पण ते कॅलेंडरला म्हणाले, "म्याडम, चढाला हाकू नका. दोन-दोन तासाला पानी दाखवा. उताराला म्होरं धाडू नका. रातच्याला ओल्यात निजवू नका." बैल उसना देताना सांगतात ते सगळं त्यांनी सांगितलं. काकूंनी पेंड काढून लुगडं, गोधडी, भाकऱ्या भरल्या. आम्ही तिघींनी आपलं सामान शेजारच्या दुकानातून आणलेल्या शाळेच्या दप्तरांत कोंबलं.

नाणेघाटाच्या कड्यावर काकू खूप वेळ उभ्या होत्या. हवा स्वच्छ होती, खालची गावं, पाण्याची तळी, सगळं लख्ख दिसत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कुठंय धुकं?" पुढचे तीन दिवस त्या आमच्या पुढं होत्या. आम्हा तिघींना दप्तरांनी कुबड आलं होतं.

आहुप्याला पोचलो तर काका एसटीच्या थांब्यावर बसलेले. डिंभ्याहून येणाऱ्या गाडीचा भरवसा नाही म्हणून आदल्या दिवशीच येऊन, एका घरी ओसरीवर मुक्काम करून, वाट बघत होते. काकूंना बघून उठले. "उतरव," म्हणाले. काकूंनी सॅक उतरवली. काकांनी पिशवीतून डबा काढला. आत लोणी आणि हळद होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेले खांदे लोणी-हळदीनं चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. पोळा होऊन तीन महिने झाले होते. थांब्यावर दहा-बारा माणसं होती. काकांनी चाळीस वर्षांत चारचौघांत बायकोचं नावसुद्धा घेतलेलं नव्हतं. त्यांनी बोटांवर लोणी घेतलं आणि काकूंचे दोन्ही खांदे पदराच्या कडेनं, मानेपासून खालपर्यंत, सावकाश चोळले. मग नेमाप्रमाणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

काकू मान खाली घालून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "आन रांधनार कोन?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "मीच की," ते म्हणाले.