कॅमेऱ्यावरची टिकली

“टिकली काढ,” सर म्हणाले. “आणि कॅमेऱ्यावर लाव.”

मला आधी कळलंच नाही. मी कपाळाला हात लावला. सर घड्याळाकडे बघत होते. क्लायंटचा व्हिडिओ कॉल सुरू व्हायला चार मिनिटं होती.

“अगं, काढ ना. चिकटपट्टी शोधायला वेळ नाहीये.”

समोर दिनेश बसला होता. नाहूरहून येणारा, कोडिंग करणारा, माझ्याच वयाचा. त्याने मान खाली घातली. मी नखाने टिकली सोडवली आणि लॅपटॉपच्या वरच्या काठावर, त्या बारीक काचेच्या डोळ्यावर चिकटवली. लाल, मध्यम आकाराची. बरोब्बर बसली.

“परफेक्ट,” सर म्हणाले.

मी हसले. हे सांगायलाच हवं. त्यांनी मला माझ्याच टिकलीने झाकलं, आणि मी हसले.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात होतं. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, वर आम्ही. इंटरनेटवर अशा साइट आहेत जिथे जगातला कुणीही आपलं काम टाकतो. वेबसाइट हवी, अ‍ॅप हवं, लोगो हवा. डिझाइन आणि कोडिंग करणारे त्यावर अर्ज करतात. क्लायंट तुमचं नाव बघतो, फोटो बघतो, आधीच्या लोकांनी दिलेले तारे बघतो आणि काम देतो. तिथे तुमची पदवी कुणी विचारत नाही. तुमचं गाव विचारत नाही. मला हे फार मोठं वाटलं होतं.

पण खातं सरांचं होतं. फोटो सरांचा, हाताची घडी घातलेला. तारे सरांचे. आम्ही पाच जण त्याच एका पासवर्डने आत जायचो आणि सरांच्या नावाने काम करायचो. क्लायंटला वाटायचं, एकच माणूस सगळं करतो, काय हुशार आहे. कॉल असला की मी माझी स्क्रीन दाखवायचे. माझ्या चौकटीखाली सरांचंच नाव यायचं, पुढे दोनचा आकडा. तीन वर्षं मी दोन नंबर होते.

असं एकाच्या खात्यावर अनेकांनी काम करायला साइटची परवानगी नव्हती. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी होतं.

कॉलची एक पद्धत ठरलेली होती. टेबलावर पिवळ्या कागदांचा पॅड असायचा. क्लायंटने डिझाइनबद्दल काही विचारलं की सर पॅड माझ्याकडे सरकवायचे. मी पटपट उत्तर लिहायचे. सर ते वाचून बोलायचे, मध्ये थोडं थांबून, आत्ताच सुचल्यासारखं. त्यांचं इंग्रजी सुंदर होतं. माझे तुटके शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडताना इस्त्री होऊन यायचे. मी मनात म्हणायचे, बघ, किती छान सांगितलं त्यांनी.

मी सरांची ऋणी होते. खोटं कशाला बोलू? आमचं गाव कोकणात, समुद्राला लागून, तालुक्याचं. बाबा दुसऱ्यांच्या बोटीवर खलाशी. आई बाजारात मासळी विकते. शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी मला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना नेलं, म्हणून मी इथवर आले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. मुंबईत दहिसरला मावशीकडे राहिले. मावशीही मासळीच विकते. तिने घरातलं एकुलतं टेबल माझ्यासाठी रिकामं केलं आणि तांदळाचा डबा खाटेखाली सरकवला. सरांनी नोकरी दिली, मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर दिला, पहिल्या दिवशी स्वतः शेजारी बसून सॉफ्टवेअर शिकवलं. मी पेढे घेऊन गेले होते. पाया पडले होते. ते आभार मी आजही परत घेत नाही. पण आभार मानता मानता मान कधी वाकून राहिली, ते मला कळलं नाही.

टिकली लावायची वेळ का आली, ते सांगते.

आमची एक क्लायंट परदेशातल्या एका लहान बंदरात मासळीचं दुकान चालवायची. तिला घरपोच मासळीसाठी अ‍ॅप हवं होतं. तिची अडचण अशी, की मोठे मासे नावाने विकले जायचे आणि बारीक मासळी पडून राहायची. चार या जातीचे, सहा त्या जातीचे. वजन करून, नाव लावून विकण्याइतकं काही नसायचं. शेवटी टाकून द्यावी लागायची.

मला हसू आलं. आमच्याकडे बारीक मासळी वजनावर विकतं कोण? आई पाटीवर वाटे लावते. मूठभर मांदेली, दोन बोंबील, वर थोडी कोळंबी. झाला एक वाटा. शेजारी दुसरा. गिऱ्हाईक बोट दाखवतं, हा दे. मग म्हणतं, वर दोन टाक. आई कुरकुरते, तोंड वाकडं करते आणि दोन मांदेल्या वर टाकते. त्या दोन तिने आधीच बाजूला काढून ठेवलेल्या असतात.

मी अ‍ॅपमध्ये तेच केलं. वजन नाही, नावांची यादी नाही. पाटीवर मांडलेले वाटे, रोज सकाळी काढलेल्या फोटोंसह. बोट लावायचं आणि घ्यायचं. खाली एक बटण, दुकानदारीणबाईने वरून दोन टाकण्यासाठी. डिझाइनच्या फाइलमध्ये प्रत्येक थराला नाव द्यावं लागतं. मी नेहमी मराठीत देते, कारण मला ते तसंच सुचतं. पाटी. वाटा. वर दोन टाक.

सरांनी फाइल उघडली आणि दिनेशला बोलावलं. “इकडे ये, बघ. मॅडमनी मासळीबाजार मांडलाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे साफ कर. क्लायंटने फाइल उघडली तर वास येईल.”

दिनेश हसला. मीही हसले असेन. मी नावं बदलली नाहीत, विसरले. किंवा विसरले असं तेव्हा म्हणाले.

क्लायंटला डिझाइन फार आवडलं. त्या दिवसापासून वाटा सरांचा झाला. माझ्यासमोर ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “मी जरा वेगळा विचार केला.”

पुढच्या कॉलला माझ्याकडून चूक झाली. कॉल जोडताना कॅमेरा चालू राहिला. चार-पाच सेकंद. क्लायंटला मी दिसले. तिने हसून हात हलवला आणि विचारलं, ही कोण?

सर म्हणाले, “आमची साफसफाईवाली. लॅपटॉप पुसताना काहीतरी दाबलं तिने.”

माझ्या कानात हेडफोन होते. मला स्वच्छ ऐकू आलं. झाडू मारण्यात मला कमीपणा वाटत नाही. घरी मीच मारते. पण पडद्यावर होतं ते माझ्या हातचं होतं, आणि त्यावरून माझे हात पुसायला सरांना एक वाक्य पुरलं. त्यांनी विचारही केला नाही. मला बघून त्यांना तेच सुचलं.

म्हणून पुढच्या वेळी टिकली.

तर तो कॉल सुरू झाला. दुपारची वेळ, खाली पुठ्ठे कापायचं मशीन चालू. क्लायंट खूश होती, पण तिला एक शंका होती. ती म्हणाली, मी बारीक मासळीचे ढीग मांडले तर लोकांना वाटेल, उरलंसुरलं खपवतेय. तुम्ही सांगितलेल्या, वाटे लावणाऱ्या तुमच्याकडच्या बायकांवर लोक विश्वास कसा ठेवतात?

सर म्हणाले, “आमच्या रिसर्चमध्ये असं दिसलं, की...” आणि त्यांनी पॅड माझ्याकडे सरकवला.

मी पेन उचललं. “वर” एवढं लिहिलं. थांबले.

क्लायंटने पुन्हा विचारलं. तुम्ही त्या बायकांशी बोललात का? त्या काय म्हणाल्या?

सर म्हणाले, “हो, हो, बऱ्याच जणींशी.” टेबलाखालून त्यांनी माझ्या खुर्चीला बूट मारला. लवकर लिही.

त्या क्षणी मला आई दिसली. बाजारात, पाटीमागे, पाय दुमडून बसलेली. तिचं शहाणपण मी कागदावर लिहून देणार आणि हा माणूस ते वाचून दाखवणार. ज्याला त्याचा वास येतो.

मी पेन ठेवलं. टिकली ओढून काढली. कॅमेरा लावला. आवाज लावला.

“आय मेड धिस,” मी म्हणाले. “माय मदर सेल्स फिश.”

पुढचं माझ्या इंग्रजीत सांगितलं. क्रियापदं चुकली. एक शब्द आठवेना, तेव्हा हाताने टाकून दाखवलं. सांगितलं, की वर टाकलेल्या दोन माशांसाठीच गिऱ्हाईक उद्या परत येतं. ते दोन मासे म्हणजे विकणारीने दिलेली जबान आहे. म्हणून ते बटण गिऱ्हाइकाकडे नाही, तुझ्याकडे ठेवलंय. ती पुढे झुकून ऐकत होती. लिहून घेत होती. मग तिने विचारलं, तुझं नाव काय?

मी नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांचं, आडनावासकट.

सरांनी हात लांब करून माझा लॅपटॉप मिटला. माझी बोटं आत होती.

“लायकी दाखवलीस ना?” ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. “मी उचलून आणलं तुला. नाहीतर आज पाटी घेऊन बसली असतीस.”

संध्याकाळी त्यांनी एक मेल तयार करून मला पाठवला. मी तो माझ्या नावाने क्लायंटला पाठवायचा होता. मजकूर असा: मी शिकाऊ आहे, कॉलवर माझा गोंधळ झाला, मी माफी मागते, डिझाइन आणि वाट्यांची कल्पना सर्वस्वी सरांची आहे. सर म्हणाले, “पाठव, विषय संपला. सोमवारी ये. नाहीतर येऊ नकोस.”

तीन वर्षांचं माझं सगळं काम त्या एका खात्यावर होतं. बाहेर पडले तर दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. एक तारा नाही, एक फाइल नाही.

दिनेश जिन्यात भेटला. “पाठवून टाक ना यार. एक मेल तर आहे. आपलं नाव तसंही कुठे असतं?”

तो समजावत होता बिचारा. त्याने काही वाईट म्हटलं नाही. पण ते वाक्य घेऊन मी दहिसरपर्यंत आले.

मावशी बाजारात होती. मी तिच्या बाजूला पाट ओढून बसले आणि सगळं सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. हात थांबले नाहीत.

“काय गो, लिवलंय काय त्यात? वाच बगू.”

मी मराठीत करून वाचलं. वाट्यांची कल्पना सरांची, इथे आले तशी ती मोठ्याने हसली. शेजारच्या बाईला म्हणाली, “ऐकलंस गो? वाटा हिच्या सायबाने काढला! बापाने लावलेला का त्याच्या?”

“मावशी, नोकरी जाईल.”

“जाईल.” तिने सालं बाजूला लोटली. “पण बाय, ज्याने वाटा लावला त्यानेच पाटीमागे बसायचं असतं. तू लावायचा नि दुसऱ्याने बसायचं, मग गिऱ्हाईक भांडणार कोणाशी? नि उद्या येणार कोणाकडे?”

एवढं बोलून ती एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला लागली. माझ्याकडे बघायला तिला वेळ नव्हता.

मी मेल पाठवला नाही. सोमवारी गेले नाही.

यानंतर काही चांगलं घडलं असं कुणाला वाटत असेल, तर घडलं नाही. क्लायंटने मला शोधून काढलं नाही. तिचा करार सरांच्या खात्याशी होता, आणि ती तिथेच राहिली. अ‍ॅप निघालं. मी ते फोनवर उघडून बघितलं. पाटी आहे, वाटे आहेत, बटण आहे. खाली सरांचं नाव. मी बराच वेळ बघत बसले. मग काढून टाकलं.

साइटला लिहून विचारलं, तीन वर्षांचं काम माझं होतं, त्याची नोंद मला मिळेल का. उत्तर आलं, एका खात्याचे शेरे दुसऱ्या खात्याला देता येत नाहीत. माझ्या पत्रातच मी नियम मोडून काम केल्याची कबुली होती, हेही त्यांनी नम्रपणे कळवलं. बरोबर होतं त्यांचं. मी मोडला होता. दोन वर्षं माहीत असून मोडला होता. तो दोष मी सरांवर ढकलत नाही.

आता माझं स्वतःचं खातं आहे. नाव माझं, वडिलांचं, आडनाव. फोटो मावशीच्या पाटीशेजारी काढलाय, टिकलीसकट. तारे एकही नाहीत. इंग्रजी कसं आहे या रकान्यात मी “कामापुरतं” हा पर्याय निवडलाय, कारण तेच खरं आहे. आतापर्यंत सतरा ठिकाणी अर्ज केले, सतरा नकार आले. दोघांनी कॉलवर बोलावलं आणि माझं बोलणं ऐकून लगेच ठेवून दिलं. दिनेशचा मेसेज आला, सर म्हणतात, अजूनही ये, राग नाही. मी उत्तर दिलं, माझा आहे.

नमुना म्हणून मी दहिसरच्या बाजाराचं एक अ‍ॅप काढतेय. कुणी सांगितलेलं नाही. मावशी आणि तिच्या शेजारणी, प्रत्येकीची पाटी, प्रत्येकीचं नाव, प्रत्येकीचा फोटो. फाइलमधले थर मराठीत आहेत. ते मी कुणासाठी साफ करणार नाही.

पिवळा पॅड माझ्याकडे नाही. यापुढे मी उत्तर लिहून दुसऱ्याच्या तोंडात घालणार नाही. अठराव्या अर्जाचा कॉल आहे दुपारी. क्रियापदं चुकतील. विचारा, काय विचारायचं ते. मी पाटीमागे बसले आहे.

कॅमेरा चालू आहे.