शिकागोची आग आणि वाघमारेबाई

वाघमारेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काशीमिऱ्याला एका गॅरेजवाल्याशी भांडत उभी होते. त्यांची सून एवढंच म्हणाली, "आई गेल्या. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं." त्याला महिना झाला. बाई रात्रशाळेत इतिहास शिकवायच्या, जेसल पार्कात राहायच्या आणि शिकागोला कधीही न जाता त्या शहरावर तासभर बोलायच्या.

त्याला कारण होतं. वर्गातल्या एका वॉचमननं विचारलं होतं, "बाई, आठ तासांची ड्युटी ठरवली कुणी? आम्ही तर बारा करतोय." उत्तर शोधत बाई शिकागोच्या कामगारांच्या संपापर्यंत पोचल्या, तिथल्या बॉम्बपर्यंत, धड पुरावा नसताना फासावर चढवलेल्या माणसांपर्यंत... आणि मग थांबल्याच नाहीत. दलदलीवर वसलेलं शहर, जॅक लावून उचललेल्या इमारती, उलटी वळवलेली नदी. "आपणही मिठागरांवरच बसलोय की," म्हणायच्या.

मी वस्त्यांच्या चळवळीत काम करते; मला मात्र त्यांनी शिकागोची आग शिकवली. दोन वर्षांपूर्वी महामार्गामागची एक वस्ती जळाली. जागामालकानं गल्लीच्या तोंडाशी भिंत घातली होती, बंब आत शिरलाच नाही. माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी पत्रक छापून नया नगरपर्यंत वाटलं: 'फातिमाबीच्या शेगडीनं आग लावली, मालकाच्या भिंतीनं वस्ती जाळली!' वाक्यावर मी भलतीच खूश होते. मालकही खूश झाला. त्यानं अर्धंच वाचलं. वस्तीवाल्यांना म्हणाला, सगळ्यांना खोल्या पुन्हा बांधू देतो, फातिमाबीला नाही, तुमच्याच पोरीनं लिहून दिलंय.

बाईंनी पत्रक वाचलं. "आग शेगडीतून लागलेली कुणी पाहिली?"

"सगळे म्हणतायत, बाई."

"शिकागोतही सगळे म्हणत होते."

१८७१ साली शिकागो जळालं. एका गरीब आयरिश बाईच्या गायीनं कंदिलाला लाथ मारली, असं वर्तमानपत्रांनी छापलं. पुढे एका बातमीदारानं कबूल केलं, गोष्ट रचलेली होती. ती बाई मरेपर्यंत लोकांपासून तोंड लपवत राहिली. "नगरपरिषदेनं ठराव करून तिला निर्दोष म्हटलं, सव्वाशे वर्षांनी. तुझ्या फातिमाबीकडे आहे का गं तेवढा वेळ?"

मी म्हटलं, माफी मागितली तर चळवळीचं नाक कापलं जाईल.

"कापू दे. तिची खोली उभी राहू दे."

दुसरं पत्रक काढलं: 'शेगडीचं मी न पाहता लिहिलं. चूक माझी.' पहिलं जिथे जिथे दिलं होतं तिथे दारोदार गेले. बाईही गुडघे धरत जिने चढल्या. फातिमाबीनं चहा पाजला, वर सुनावलं, "छापने से पहले पूछ लेती बेटा, दो गली तो दूर थी." मग वस्तीतल्या बायकांनी मालकाच्या दारात ठिय्या दिला, तिची खोली नाही तर कुणाचीच नाही. खोली मिळाली.

बाईंचा गुरुवारचा वर्ग आता मी घेते. दरवर्षी त्या शिकागोची आग पुन्हा शिकवायच्या, तीच माणसं समोर असली तरी. मला ते उगाच वाटायचं. गेल्या गुरुवारी मी ती पूर्ण सांगितली, अगदी ठरावापर्यंत. मागच्या बाकावरून वस्तीतली रुखसार म्हणाली, "समजलं ताई. म्हणजे आमच्या गल्लीतल्या त्या आगवालीसारखं."

"तिचं नाव फातिमाबी," मी म्हटलं. फळा पुसला, आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.