साडभाऊंचं घंगाळ

अमरावतीच्या माझ्या साडभाऊंनी माझा जेवढा छळ केला तेवढा आजवर कुणीही केलेला नाही, आणि त्या सज्जन माणसाला याचा पत्ताही नव्हता. एक वावगा शब्द न बोलता, लांब अमरावतीत बसून त्यांनी हे साधलं. मी अकोल्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. मॅट्रिकची मिशा फुटलेली पोरं माझ्यापुढे चळाचळा कापायची. साडभाऊ माझ्यापेक्षा हुशार, बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेले, आणि करत काय होते, तर अंबागेटजवळ दोन खोल्यांत तीन-चार वर्षांच्या चिमुरड्यांची बालवाडी चालवत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पोरांबरोबर चिखल कालवणाऱ्या माणसाला खरं तर सगळ्या गणगोताने हसायला हवं होतं. पण आमच्या घरात उठता-बसता, "अक्काचे यजमान पाहा!" हेच माझ्या कानावर पडायचं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मी जळायचो. आडपडदा कशाला ठेवू, मी चांगला धगधगून जळायचो.

त्यांच्या कोटाच्या खिशात हात घालायची कुणाची छाती नव्हती. एका खिशात लोहचुंबक, सरकी आणि भिंगाचा तुकडा, तर दुसऱ्या खिशात आगपेटी, आणि त्या आगपेटीत काडी असेलच असं नाही, गोगलगाय असू शके. एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. आरतीची वेळ झाली, भटजींनी कापूर मागितला, तर कापूर जागेवर नाही. शोधाशोध झाली. शेवटी परसात पाहिलं, तर आमच्या आळीतली सगळी पोरं एका परातीभोवती पालथी पडलेली आणि त्यांच्या मधोमध साडभाऊही तसेच पालथे. परातीतल्या पाण्यावर कापराचे बारके तुकडे आपोआप गरागरा फिरत होते. मी रागाने काही बोलणार, तेवढ्यात ते मान वर न करता म्हणाले, "भटजीले इकडंच बोलवा मास्तर, कापूर कसा पयते ते त्यायले बी पाहू द्या." आणि भटजी गेले! सोवळं सावरत परातीशी उकिडवे बसले. इकडे नारायण ताटकळले, आणि दिवसभर राबून पूजेची तयारी केलेल्या माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यांच्या बालवाडीत पाटी-पेन्सिल नव्हती, गाणी जवळजवळ नव्हती. होतं ते एक पितळेचं भलंमोठं घंगाळ, त्यात पाणी, आणि त्या पाण्यात पोरं दिवसभर काय वाटेल ते टाकायची: कापसाचं बोंड, खिळा, पत्रावळीचा तुकडा, बोर, एकदा तर एका वकिलाच्या मुलाने घरून आणलेलं वडिलांचं घड्याळ. सगळ्या मोहल्ल्यांतली पोरं एकाच पाण्यात हात घालतात म्हणून काही घरांनी आपली मुलं काढून घेतली. साडभाऊंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. ते बाजारात गेले आणि आणखी मोठं घंगाळ घेऊन आले. कुणी आई तावातावाने येई, "गुरुजी, पोरगं अ आ इ कवा शिकन?" तर ते तिलाच एक बोंड देत आणि म्हणत, "टाकून पाहा ना बाई, बुडते का?" बाई आधी लाजायची, मग टाकायची, मग दुसरं मागायची. भांडायला आलेली बाई पदर ओला करून हसत घरी जायची. माझ्याकडे आलेले पालक मात्र जाताना कधी हसले नाहीत.

इथवरचं मी सोसलं असतं. पण एका दिवाळीच्या सुट्टीत आमची सुमन, वय वर्षं चार, अक्काकडे राहून आली. आल्या आल्या तिने बादलीत संत्रं सोडलं. ते तरंगलं. मग सोललं आणि पुन्हा सोडलं. ते गपकन बुडालं. ती डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत होती. मी विज्ञानाचा शिक्षक, माझं तोंड कसं बंद राहणार? "अगं, सालीत हवा असते, म्हणून साल असली की ते तरंगतं." तिचा चेहरा पडला.

"तुमी सांगूनच टाकलं," ती म्हणाली.

"मग? मावसाजींनी काय सांगितलं?"

"ते म्हनले, मले बी माईत नाही. पाहू."

बी.एस्सी., पहिला वर्ग, आणि माहीत नाही म्हणे! त्यानंतर सुमनने मला काही विचारणंच सोडलं. मुंग्या रांगेत का चालतात, सावली दुपारी कुठे जाते, असं तिचं काहीतरी पुटपुटणं चाले, पण मी जवळ गेलो की ती गप्प व्हायची. "मावसाजी आले का मंग विचारीन," एवढंच म्हणायची. माझ्या घरात, माझी मीठ-भाकर खाणारी माझी लेक आपले सगळे प्रश्न अमरावतीच्या माणसासाठी राखून ठेवत होती. या गोष्टीने मला जेवढं लागलं तेवढं बायकोच्या टोमण्यांनीही कधी लागलं नव्हतं. तिला जिंकायचंच म्हणून मी एका रविवारी शाळेच्या कपाटातला सूक्ष्मदर्शक घरी आणला. ती धावत आली. "हात लावू?" "नको बाळ, मोडेल." ती थोडा वेळ हात मागे बांधून उभी राहिली आणि मग अंगणात माती खेळायला निघून गेली.

पुढे मोर्शीला एका लग्नात साडभाऊ भेटले, तेव्हा मी त्यांना पंगतीतच गाठलं. "तुम्हाला संत्र्याचं माहीत नाही? लहान लेकराशी खोटं काहून बोलता?"

ते भात कालवता कालवता थांबले. "खोटं कायले बोलीन मास्तर? संत्र्याचं मले माईत आहे. पन पोरगी त्याच्यात काय पाहून राहिली, ते मले कुठं माईत आहे?"

मी जास्तच जळालो. जिलबीही नीट गेली नाही.

नंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणातल्या दोरीवर बायकोचं ओलं लुगडं वाळत होतं. सुमन त्याला पुन्हा पुन्हा हात लावत होती. मी शेजारी जाऊन बसलो. "पानी कुठं गेलं?" ती स्वतःशीच म्हणाली. बाष्पीभवन हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो गिळताना मला जे कष्ट पडले ते मलाच ठाऊक. "वरून वाळलं का खालून?" मी नुसतं विचारलं. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, लुगडं वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि माझा हात धरून खालच्या काठावर ठेवला. काठ गार होता, थेंब गळत होते. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

तेवढ्यात फाटक वाजलं. अमरावतीहून बडनेऱ्यामार्गे गाडीने आलेले साडभाऊ हातात पिशवी घेऊन दारात उभे. आता ही उठून धावणार. पण सुमनने बसल्या जागेवरून हात वर केला. "मावसाजी, थांबा तिथंच! मी आन् बाबा पाहून राहिलो!"

साडभाऊ थांबले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्या घरी हा विषय कुणी काढत नसे. दुपार झाली की बालवाडीतली पोरं आपापल्या आईबापांकडे निघून जात आणि त्यांचं घर रिकामं होई, हे इतक्या वर्षांच्या माझ्या जळण्यात मला एकदाही सुचलं नव्हतं. ते फाटकाशी उभे राहून लुगड्याच्या काठावरच्या आमच्या दोघांच्या हातांकडे पाहत होते. तसं पाहणं काय असतं, हे माझ्याहून चांगलं कोण ओळखणार?

"सुमे," मी हळूच म्हणालो, "मावसाजीले बी बोलाव ना."