गार्डच्या डब्यातला मुक्काम

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही नगरहून दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. गाडी हलल्यावर माझी बायको सुमन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "छप्पर पक्कं आहे ना? तंबू नको मला."

दोन वर्षांपूर्वी राजूरच्या पुढे धरणाकाठी आम्ही तंबूत राहिलो होतो. वारा सुटला, खांब मोडला आणि मी पळालो. सुमन कापडाखाली अडकली. तिला एका गुराख्याने ओढून काढलं. आमच्या घरी, केडगावात मात्र मी, शाळेतला मास्तर, शेजाऱ्यांना सांगत आलो की मी मदत आणायला धावलो होतो. ते सांगू लागलो की सुमन उठून आत जाई. त्यानंतर ती माझ्याबरोबर मुक्कामाला आलीच नव्हती. या वेळी राहायला रेल्वेचा डबा आहे, हे ऐकून कशीबशी तयार झाली.

एका लहान स्टेशनावर उतरून मैलभर चाललो. रानं भाजून निघालेली. दोन कडुलिंबांमध्ये, रुळांच्या एका तुकड्यावर, तांबडा रंग दिलेला ब्रेकव्हॅन (मालगाडीच्या शेवटी असतो तो गार्डचा डबा) उभा होता. निवृत्त गार्ड तुकाअण्णांनी मोडीत निघालेला हा डबा सुटा करून बैलगाड्यांतून आणला आणि शेतात पुन्हा जोडला होता. हौशी पाहुणे तिथे राहून जात.

"उभा जलम घरी निजलो न्हाई," अण्णा म्हणाले. "म्हातारी म्हनाली, मग डबाच आना घरी."

आत दोन फळ्यांच्या बाजा आणि एक कंदील होता. बाहेरच्या सज्ज्यावर हातब्रेकचं चाक होतं. जमीन किंचित उतरती, म्हणून ब्रेक आवळलेला आणि उताराच्या बाजूला चाकांपुढे वीतभर अंतर सोडून रुळांवर लाकडी पाचरी ठोकलेल्या. चाक कुठल्या बाजूला फिरवलं की ब्रेक आवळतो, हे अण्णांनी समजावलं. सुमनने फिरवून पाहिलं. मी मान डोलावली, पण लक्ष पश्चिमेला होतं. तिकडे आभाळ मातकट झालं होतं.

संध्याकाळी अण्णांच्या घरून शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या) आले. सुमनने दोनदा वाढून घेतले. मी ताट बाजूला सारून पुन्हा पश्चिमेकडे बघू लागलो.

जेवणानंतर ती आत अंथरूण घालत होती. मला स्वस्थ बसवेना. ब्रेक आणखी आवळावा म्हणून मी चाकाला तीन-चार फेरे दिले. ते सहज फिरलं, तेव्हा मला बरंच वाटलं. मी उलटं फिरवत होतो.

मग वावटळ आली. पत्रे वाजू लागले, डबा कुरकुरला आणि एक हिसका देऊन पुढे सरकला. मी उडी मारली.

नांगरलेल्या ढेकळांत पडून मागे पाहिलं, तर सुमन सज्ज्यावर येऊन दोन्ही हातांनी चाक आवळत होती.

अण्णा बॅटरी घेऊन धावत आले. "मास्तर, तुमी खाली कसं? वैनी कुठं हायती?"

मदत आणायला, हे शब्द तोंडात तयार होते. दोन वर्षं तेच बोलून जीभ सरावली होती. सुमनचे हात थांबले होते.

"ती वर आहे," मी म्हणालो. "मी घाबरून उडी मारली. ब्रेकही मीच सैल केला."

"आणि राजूरला?" वरून सुमनने विचारलं.

"तेव्हाही पळालोच होतो."

अण्णांनी चाकांखाली उजेड टाकला. "पाचरीवर टेकलाय. आता हलत न्हाई," ते म्हणाले आणि आम्हा दोघांकडेही न बघता घराकडे वळले.

"वर या," सुमन म्हणाली. "दार लावायचंय. धूळ येतेय."

लवकरच तिला झोप लागली. मी मात्र प्रत्येक कुरकुरीला दचकत होतो.

डब्यात राहायला जावं का, असं कुणी विचारलं तर मी जा म्हणेन. पहाटे सज्ज्यावर बसून उन्हाने पिवळं होत जाणारं रान बघायला मिळतं. भीती तिथली नव्हती, ती मी घरून नेली होती.

रविवारी दुपारी केडगावला पोचलो. शेजारच्या काकू ओट्यावरच होत्या. कशी झाली सहल, असं त्यांनी सुमनला विचारलं.

"यांना विचारा," ती म्हणाली.

मी उडीचं सांगितलं. काकू हसल्या. मग राजूरचं सांगायला लागलो, या वेळी झालं तसं. काकूंचं हसू गेलं. अडखळत का होईना, शेवटपर्यंत सांगितलं.

सुमन आत गेली नाही.