पाइंट म्हणावं की ग्लास

काठोकाठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण एकतीस वर्षं पबच्या बिअरच्या नळामागे उभं राहिल्यावर खऱ्या नावाला विचारतो कोण? कुणी पाइंट, म्हणजे ठरलेल्या मापाचा मोठा ग्लासभर बिअर, मागितला की हा मोठ्याने पुकारायचा, ‘‘एक पाइंट, काठोकाठ!’’ मग ग्लास तिरपा धरायचा, फेस बसेपर्यंत थांबायचा, आणि वरून थोडी ओतून बिअर अगदी काठाला टेकवायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, ‘‘फेसच हवा असेल तर साबणाच्या बादलीत तोंड घाला. इथे बिअर मिळते.’’ लोक हसायचे, थांबायचे, आणि त्याच्या हातचा पाइंट प्यायला चार गल्ल्या ओलांडून यायचे.

जुने मालक थकले आणि पब त्यांच्या जावयाच्या हाती आला. पाठीमागे सगळे त्याला जावईबापू म्हणत. माणूस तसा वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडून मोकळं होणं फार सोपं आहे. वर्षभरात बिअर दोनदा महागली. आजूबाजूच्या पबांनी भाव वाढवले आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. जावईबापूंनी शक्कल लढवली. एके दिवशी खोकी भरून नवे ग्लास आले. उंची तीच, तोंड तेवढंच, फक्त बूड चांगलं जाडजूड. पाइंटाचा आठवा हिस्सा त्या काचेने गिळला होता.

‘‘काका, आपण कुणाला फसवत नाही,’’ जावईबापू म्हणाले. ‘‘फळ्यावर पाइंट लिहायचंच नाही. ग्लास लिहायचं. ग्लास म्हणजे ग्लास! त्यात खोटं काय?’’

काठोकाठचं अक्षर चांगलं, म्हणून फळा त्यानेच लिहिला. ‘बाकीच्यांनी भाव वाढवले. आमचा ग्लास त्याच भावात!’ शिवाय त्याखाली एक वेलबुट्टीही काढली. कुणी काढायला सांगितली नव्हती. ती वेलबुट्टी आठवली की आजही त्याला कुठे तोंड लपवू असं होतं.

नाही म्हणता आलं असतं. पण साठी दोन वर्षांवर आलेली, गुडघे कुरकुरणारे. इथून निघाला असता तर दुसऱ्या कुठल्या नळामागे त्याला उभं केलं असतं? त्याने मान डोलावली. घरी बायको म्हणाली, ‘‘अहो, तोंड का पाडलंय एवढं?’’ तर म्हणाला, ‘‘पाय दुखतात.’’

गिऱ्हाइकं फळा वाचायची आणि सवयीने पाइंटच मागायची. काठोकाठने पुकारणं तेवढं बंद केलं. ‘‘आलाच,’’ म्हणायचा आणि ग्लास पुढे सरकवायचा. कुणाच्याही लक्षात आलं नाही. उलट एकाने शाबासकी दिली, ‘‘तुम्ही तरी भाव वाढवला नाहीत बुवा!’’ त्यावर हा ‘‘हो ना,’’ म्हणाला आणि नळापुढचा स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसू लागला.

रोज पाच वाजता खिडकीजवळच्या टेबलावर एक निवृत्त लेथवाले येऊन बसत. चाळीस वर्षं कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर काढलेली. केसाएवढा फरक नुसत्या बोटाने ओळखणारा माणूस. एकेकाळी हाच गृहस्थ सकाळपासून प्यायचा. घर मोडायच्या बेताला आलं होतं. मग दोन वर्षं थेंबाला शिवला नाही, आणि त्यानंतर बायकोशी ठरवून रोज एकच पाइंट, तोही वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. कोडं संपलं की पाइंट संपलेला असे. बारा वर्षं त्यात बदल नव्हता. डॉक्टर नाक मुरडायचे, पण बायको म्हणायची, ‘‘त्यांनी शब्द दिलाय, तो पाळतात.’’

नवे ग्लास येऊन तीनेक आठवडे झाले असतील. लेथवाले उठून ओट्यापाशी आले. हातात वर्तमानपत्र, कोड्यातली पाच घरं रिकामी.

‘‘काठोकाठ, एक विचारू? खरं सांगशील?’’

‘‘विचारा की.’’

‘‘हल्ली कोडं व्हायच्या आधीच माझा पाइंट संपतो. आधी वाटलं, कोडी अवघड झाली असतील. पण रोजच? संपला की मन म्हणतं, अजून एक घे.’’ त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘पूर्वी असंच सुरू झालं होतं रे. हात आपोआप घाई करायचा. तू रोज समोरून बघतोस. मी भराभर पितो का?’’

हीच ती वेळ होती. ‘पाइंट लहान झालाय’ एवढे तीन शब्द पुरे होते. पण मागे जावईबापू बिलाचा कागद फाडत उभे होते, आणि टेबलांवर सात-आठ गिऱ्हाइकं बसली होती.

‘‘थोडी घाई होते खरी तुमची,’’ काठोकाठ म्हणाला.

लेथवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ‘‘वाटलंच मला,’’ म्हणाले. ‘‘बरं झालं सांगितलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.’’ आणि आभार मानून गेले. आभार! काठोकाठला वाटलं, त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता खिडकीजवळचं टेबल रिकामं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही. जावईबापू म्हणाले, ‘‘आजारी असतील.’’ झोपेत कूस बदलताना काठोकाठला आपलंच ‘घाई होते खरी’ ऐकू यायचं. त्याने आयुष्यात मोठी पापं केली नव्हती, त्यामुळे हे कुठे ठेवायचं तेच त्याला कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, त्याने पिशवीत दोन ग्लास घातले, एक जुना आणि एक नवा, आणि लेथवाल्यांचं घर गाठलं. वाटभर तो एकच वाक्य घोळवत होता: चुकलो, मला माफ करा. एवढंच म्हणायचं, सबबी सांगायच्या नाहीत, गुडघे मध्ये आणायचे नाहीत.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. डोळ्यांखाली काळं धरलेलं. लेथवाले स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोर चहा गार होत होता. काठोकाठने ग्लास टेबलावर मांडले. जुना नळाच्या पाण्याने काठापर्यंत भरला आणि नव्यात ओतायला लागला. नवा भरला. जुन्यात अजून पाणी होतंच. तो ओतत राहिला आणि पाणी टेबलभर झालं.

लेथवाल्यांनी नव्या ग्लासाच्या बुडाला अंगठा आणि तर्जनी लावली. एका क्षणात त्यांना माप कळलं. बारा वर्षं तिथे बसून ग्लास मोजायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मोजला होता तो स्वतःचा हात.

‘‘म्हणजे मी बरा आहे,’’ ते म्हणाले आणि हसले. मग हसू विरलं. ‘‘मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?’’

‘‘होतं,’’ काठोकाठ म्हणाला.

तो पुढचं बोलणार तोच बायको खुर्ची ओढून बसली. ‘‘दहा दिवस,’’ ती म्हणाली, ‘‘पिताना घाई होते असं यांनी सांगितल्यापासून, हे बाहेरून आले की मी जवळ जाऊन यांच्या तोंडाचा वास घेतेय. कोटाचे खिसे तपासतेय. काल कपाटामागेसुद्धा बाटली शोधली. हे उभे राहून बघत होते.’’

तिने नवऱ्याचा हात धरला. काठोकाठ समोर उभा आहे हे ती विसरूनच गेली होती. ‘‘चुकले हो मी,’’ ती म्हणाली. ‘‘मला माफ करा.’’

टेबलावरून पाणी खाली ठिबकत होतं. काठोकाठने खिशातून रुमाल काढला, वाकला आणि फरशी पुसू लागला. वाटभर घोळवून आणलेलं वाक्य तिनेच म्हणून टाकलं होतं.