साडूंची टाळी

आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोला तर मुळीच नाही, पण मला माझ्या साडूंचा अभिमान आहे. डच भाषेवर इतकं बिनफायद्याचं प्रेम करणारा माणूस खुद्द हॉलंडातही सापडायचा नाही.

दुबईच्या समुद्रात वाळू ओतून जमीन करणाऱ्या एका डच कंपनीत ते नकाशे सांभाळत. त्या नकाशांवरच्या मालगाडीसारख्या लांब शब्दांचं त्यांना वेड लागलं. शब्द ते टाळ्यांनी फोडत. "जिथे जोडलाय तिथेच तोडायचा," ते सांगत, "आणि जोर पहिल्या तुकड्यावर. पहिला नवरदेव, मागचं सगळं वऱ्हाड." हावनमेस्टर, म्हणजे बंदराचा अधिकारी: 'हा'वर दणदणीत टाळी, पुढे बारक्या. न्हाव्याच्या खुर्चीत हे मांडीवर चाले, अल बर्शाच्या सिग्नलला स्टिअरिंगवर. मागून हॉर्न वाजले, कोणी 'यल्ला', म्हणजे 'चल लवकर', असं ओरडलं की म्हणत, "यल्ला काय, हबीबी, शब्द तर पुरा होऊ दे." मागच्या सीटवरून माझा मुलगा पुटपुटे, "डॅड, काका इज डुइंग इट अगेन." दुःख एकच. ऑफिसातले डच लोक त्यांना इंग्रजीतच उत्तर देत. इतक्या वर्षांत त्यांच्या डचला डचमधून एकही उत्तर आलं नव्हतं. हे डच तरी आहे का, असं जेवताना मीच विचारायचो, आणि सगळे हसायचे.

एका गणपतीत साडूंनी आपल्या डच साहेबांना आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईला आमच्याकडे आरतीला आणलं. आईला इंग्रजी येत नव्हतं. मी साडूंना दारातच बाजूला घेतलं. "साडूसाहेब, आज डच नको. लोक हसतील."

"बरं," ते म्हणाले. इतकं हळू ते कधीच बोलत नसत.

आरती झाली, पानं वाढली. साहेब सगळ्यांशी गप्पा मारत होते. म्हातारी बटाट्याच्या भाजीकडे बघत नुसती बसून होती. साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग वाकून भाजी दाखवली आणि आरतीच्याच टाळीवर म्हणाले, "आर्ड-आप-पल." जमिनीतलं सफरचंद, म्हणजे बटाटा. पहिली टाळी मोठी.

म्हातारीने हात उचलले, तशाच टाळ्या परत वाजवल्या आणि बोलू लागली. डचमधून, आणि थांबेचना. साडूंना निम्मं कळलं असेल. मान मात्र सगळ्याला डोलत होती. दुबईत आल्यापासून आई इतकं बोललीच नव्हती, असं साहेब म्हणाले. सगळ्या घराने टाळ्या वाजवल्या. छाती माझीही फुगली होती, पण हातात वरणाचं पातेलं होतं. खाली ठेवता आलं असतं.

साडू आता सांगलीला असतात. फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलतो. मी त्यांना एक टाळी देणं लागतो. जोराची.